सर्जेरावाची लाइन

निमगाव केतकीच्या सर्जेरावाला एक खोड होती. मोडकी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. गावात कुणाचा रेडिओ खरखरला की हा पाना-पकड घेऊन हजर, बोलावणं लागतंय कुणाला. कधीकधी रेडिओ दुरुस्तही व्हायचा. नाही झाला तर "कंपनीनंच घोळ घातलाय" असं ठणकावून, चहा पिऊन गडी घरी यायचा. आपलं चुकलं असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, त्याच्या बायकोनं, साखरबाईनंसुद्धा.

तर या सर्जेरावानं चौऱ्याण्णव साली स्वतःच्या रानात टेलिफोन बसवला. सरकारी नव्हे, सरकारी फोनची वाट बघताबघता निम्मं गाव म्हातारं व्हायला आलं होतं. बारामतीच्या भंगारवाल्याकडं त्याला मूठ फिरवून घंटा वाजवायचे जुने काळे फोन दिसले आणि त्यानं चार उचलले. एक घरात, एक रस्त्याकडेच्या दूध डेअरीत, एक विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत आणि एक वर माळावर, आप्पांच्या खोपीत. खरं तर सगळा खटाटोप त्या माळावरच्या एका फोनसाठीच होता.

आप्पा म्हणजे सर्जेरावाचे वडील. जन्म मेंढरांमागं गेला. मेंढरं विकून रान घेतलं, रानात पोरानं स्लॅबचं घर बांधलं, आणि घरभरणीच्या दिवशीच आप्पा भरल्या पंगतीत म्हणाले, "हितं झोपायचं आन् आभाळ कुठं बघायचं? कामाबिगार मी या घराची पायरी चढायचो न्हाय." चार माणसांत दिलेला शब्द. म्हातारा चार शेळ्या घेऊन माळावर जाऊन राहिला तो राहिलाच.

मग एका उन्हाळ्यात आप्पा रात्री खोपीमागं घसरून पडले. पहाटे डेअरीवाल्या नागेशच्या कानावर हाक गेली तोवर तसेच पडून होते. हाड मोडलं नाही, पण सर्जेरावाची झोप मोडली. पुढच्या खेपेला हाक कुणी ऐकली नाही तर? खाली या म्हणावं तर म्हातारा ऐकणाऱ्यातला नाही. म्हणून हे फोन.

काढून टाकलेल्या द्राक्षबागेची तार होतीच. ती खांबाला टेकू नये म्हणून सर्जेरावानं भिगवणच्या ढाब्यांवरून रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि खांबाखांबावर बसवल्या. बाटल्यांचं पोतं खांद्यावर घेऊन तो भर बाजाराच्या दिवशी यष्टीतून उतरला.

"सासरं माळावर ऱ्हात्यात ते एक बरं हाय," साखरबाई म्हणाली. "हे बघाय नकोत."

तार एकच होती, दुसरीचं काम जमिनीनं करायचं. त्यासाठी प्रत्येक फोनपाशी एकेक पहार गाडलेली. पण माळाची जमीन अशी वाळलेली की पहारीच्या बुडात पाणी ओतल्याशिवाय पलीकडचं ऐकूच येईना. लोक उसाला पाणी द्यायचे, सर्जेराव फोनला. नागेशनं तर विचारलंच, "पाण्यासंगं युरिया बी टाका की. आवाज जोमदार येईल."

पण फोन लागला, हे काही खोटं नाही. पहिल्या दिवशी सर्जेराव बेंबीच्या देठापासून ओरडला, तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "सर्जा, वरडू नगं. तुझं तारेबिगार बी हितवर ऐकू येतंय."

फोन लागला आणि सगळं सोपं झालं. आधी मीठ संपलं, शेळी व्याली, असल्या कामांना आप्पा खाली यायचे. कामाचं बोलणं होईस्तोवर साखरबाईची भाकरी तव्यावर फुगायची, आणि भाकरी समोर आल्यावर उठून जाणं काही बरं दिसत नाही. आता मीठ फोनवर सांगायचं आणि डबा वर जायचा. "म्हाताऱ्याची पायपीट वाचीवली," असं सर्जेराव गावभर सांगत सुटला.

आणि ऐन घटस्थापनेच्या तोंडावर फोन बंद पडला. सर्जेरावानं चारही फोन उघडून त्यांची आतडी बाहेर काढली. काही सापडेना. शेवटी मान वर करून बघतो तर दसऱ्याचं धुणं निघालेलं. घरातल्या झाडून सगळ्या वाकळा साखरबाईनं तारेवर घातलेल्या, ओल्या, जड, भुईला टेकलेल्या.

"अगं, ती फोनची तार हाय."

"मग वाळाय का घालू नये? बोलणं काय ओलं होतंय?"

ओल्या वाकळांतून आवाज जमिनीत जातो, हे सर्जेरावानं तिला तास घालून समजावलं. आप्पा तेव्हा 'फोन मेलाय' हे सांगायला खाली आले होते. ते भाकरीशी पिठलं खात मन लावून ऐकत होते.

दसरा झाला. वाकळा घड्या घालून आत गेल्या, तरी फोन मधूनमधून मरायचाच. दोन दिवस चांगला, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गप्प. आप्पा काठी टेकत खाली यायचे, "सर्जा, तुझा फोन मेलाय," म्हणायचे आणि आता आलोच आहे म्हणून जेवून जायचे. डेअरीवर नागेशच्या जिभेला तर धारच चढली. "सर्जेराव, तुमचा फोन आन् आमची भाकड म्हस, दोघांचं बी मनावर हाय बघा."

सर्जेराव इरेला पेटला. एका संध्याकाळी फोन मेल्यामेल्या तो तार धरून चालत माळावर गेला. खोपीपाशी पोचला आणि जागीच थबकला. तारेवर आप्पांचं घोंगडं टाकलेलं, पाणी निथळतंय, टोक भुईला. खोपीत कुणी नाही, म्हातारा दुसऱ्या वाटेनं तक्रार सांगायला खाली गेलेला.

ते घोंगडं याआधी कधी धुतलं होतं ते बिरोबालाच ठाऊक. आणि आता दर तिसऱ्या दिवशी त्याला आंघोळ. सर्जेरावाला आधी संताप आला, मग हसू आलं. मग आठवलं की मार्गशीर्ष आहे, माळावर कडाक्याची थंडी आहे, आणि ओलं घोंगडं टाकून म्हातारा रात्री पांघरत काय असेल? तेव्हा मात्र त्याला भडभडून आलं. चार घासांसाठी आणि चार शब्दांसाठी बाप कुडकुडत होता, आणि आपण पायपीट वाचवल्याची फुशारकी मारत होतो.

त्यानं घोंगडं पिळून बाभळीवर पसरलं आणि तो खाली आला. आप्पा पायरीखाली उभे होते. नागेशही मजा बघायला आलेला.

"घावला का फॉल्ट?" नागेशनं विचारलं.

"घावला," सर्जेराव म्हणाला. "माझंच चुकलं."

साखरबाई पिठाच्या हातानं दारात आली. सर्जेराव आप्पांकडं वळून म्हणाला,

"जुनी यंत्रं हायती. ह्यांचा काय भरवसा न्हाय. रोज सांजच्याला खालच्या फोनवरनं मूठ फिरवून बघाय पायजे, आन् ते काय माझ्या हाताला जमत न्हाय. आप्पा, तुमालाच यावं लागंल रोज."

आप्पांनी लेकाकडं निरखून बघितलं. "वर गेलतास?"

"व्हय. घोंगडं बाभळीवर टाकलंय. वाळंस्तोवर माझं न्या."

आप्पा खाकरले. "काम हाय म्हटल्यावर काय, यावंच लागंल," म्हणत पायरी चढले. फोनची मूठ फिरवली. तिकडं रिकाम्या खोपीत घंटा वाजली असणार. "वाजतंय," म्हणाले आणि ताटावर बसले.

जेवून, लेकाचं घोंगडं खांद्यावर टाकून आप्पा वर गेले. थोड्या वेळानं घरातली घंटा वाजली. सर्जेराव फोनपाशीच बसलेला.

"पोचलो," आप्पा म्हणाले.

"लाइन कशी हाय, आप्पा?"

पलीकडं आवाज अगदी स्वच्छ होता.

"खराबच हाय रं. उद्या यावं लागंल."