बसायचं का चढायचं?

आता एखादे मास्तर येतील, डोक्यावर हात ठेवतील आणि शेवटी तुम्हाला रडवतील, असं वाटत असेल तर पान उलटा. हे आमच्या पेठेतले बाबूराव ओव्हरसियर. नगरपालिकेची टेप घेऊन लोकांच्या दारात ओणवं व्हायचं, हे त्यांचं काम. पेठेनं त्यांचं तोंड कमी आणि पाठ जास्त बघितली.

दारापुढं नवं बांधकाम दिसलं की सायकल भिंतीला टेकवून ते विचारायचे, "बसायचं का चढायचं?" चढायचं असेल तर ती पायरी, तिला परवानगी लागत नसे. बसायचं असेल तर तो कट्टा. त्याला अर्ज, नकाशा आणि गटारापासून हातभर जागा. त्यामुळं अख्ख्या पेठेत कट्टा कुणाचाच नव्हता. सगळ्या पायऱ्याच, संध्याकाळी चार-चार माणसं बसलेल्या.

संस्थान विलीन झालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आता कुठला जुना नियम, बाबूराव?"

"राज्य बदललं. गटार तितंच हाय न्हवं?"

मी तेव्हा शाळकरी पोर, पण त्यांचा आवाज मला हुबेहूब जमायचा. नाकातून सुरू, शेवटी खोकला.

शेजारच्या हौसाक्कांचे गुडघे गेलेले. घरात एकट्या, खाली बसलं की उठता यायचं नाही. दारात टेकून माणसांशी बोलता यावं म्हणून त्यांनी परवानगी न काढताच कट्टा बांधला. बाबूराव गवंड्याला पहारीसकट घेऊन आले.

"बसायचं का चढायचं?"

"चढायचं की, सायेब."

"मग चढा बघू."

हौसाक्कांचा पाय वीतभरही उचलला नाही. भिंत धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. बाबूराव ओणवे होऊन मोजायला लागले, गवंड्यानं पहार उचलली. मी हौसाक्कांच्या दाराआडून नाकातनं म्हटलं, "ऱ्हाऊ दे रं. पायरीच हाय ती." वर खोकलाही दिला. गवंड्यानं पहार खाली ठेवली.

बाबूराव कंबर धरून उठले. दाराकडं बघितलं, मग हौसाक्कांकडं. "गटाराकडचा हातभर काढ," गवंड्याला म्हणाले, "बाकीचं मंजुरी येईस्तवर ऱ्हाऊ दे." अर्ज स्वतःच लिहिला, अंगठा घेतला. "बसा आता, आक्का. पर पायरी म्हणू नगा." पुढं मंजुरीही आली.

मला मात्र त्यांनी तिथंच कानाला धरून बाहेर ओढलं. "आवाज काढतोस, काढ. खोकलाबी बरा जमलाय. पर माझ्या तोंडानं खोटं बोलतोस व्हय रं, भाड्या? नक्कल करायची तर आधी नियम पाठ कर."