फोटोतल्या मुलाचे हात

“आत पाय ठेवू नको म्हनतोय न्हवं! तितंच थांब, उंबऱ्याभाईर.”

भावकूनं दारात काठी आडवी धरली होती. बाहेर दहा वर्षांची मालू उभी. केस, पापण्या, परकराची किनार, सगळ्यावर तंबाखूची तांबूस धूळ.

“आज्जा, पाय धुतलं की मी.”

“पाय धुऊन काय हुतंय? वास मारतोय सगळ्या अंगाला.”

भावकू एके काळी तंबाखूच्या वखारीतला पारखी. पान नुसतं हुंगून ते कुठल्या रानातलं, हे सांगायचा. आता त्याचे डोळे गेले होते, नाक शाबूत होतं.

“कुनी धाडलं हिला वखारीत? अंजने, तू?”

“मी न्हाय धाडलं,” सून अंजनी चुलीपासून उठली. “शेजारच्या जयाबाईच्या मागनं गेली आपली आपन. परवापासनं चुलीवर पेजंबिगर काय शिजलं न्हाय, पोरीला कळत न्हाय व्हय? काल पेज प्यालासा मामा, ती तिच्या वाटनीची हुती.”

“मेलो तरी चालंल. ज्या हाताला तंबाखू लागली, त्या हातचं पानी बी मी घेनार न्हाय. शबूद हाय माजा.”

हे बोलताना त्याचा हात सवयीनं भिंतीवरच्या फोटोकडे गेला.

फोटो तीस वर्षांपूर्वीचा. देशभर नाव असलेले एक पुढारी कोल्हापूरहून बेळगावला जाताना निपाणीत दुपारपुरते थांबले होते. व्यसनांवर भाषण झालं, मग धर्मशाळेच्या पायरीवर बेळगावच्या फोटोग्राफरनं कॅमेरा लावला. पुढाऱ्यांनी समोरच्या गर्दीतलं पाच वर्षांचं एक पोर मांडीवर घेतलं. तो भावकूचा मुलगा परशराम, आता मालूचा बाप. त्यांनी हसत विचारलं, मोठेपणी तंबाखू खाणार नाहीस ना? पोर रडायला लागलं. उत्तर बापानं दिलं, “ह्येचा हात जल्मात तंबाखूला लागनार न्हाय!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढारी संध्याकाळी बेळगावला गेले आणि बहुधा रात्रीपर्यंत सगळं विसरले. भावकू विसरला नाही. त्यानं वखारही सोडली. फोटोत पुढारी स्वच्छ आले आहेत, मागे हात जोडून उभा भावकूही. मांडीवरच्या पोरानं हात हलवले, म्हणून त्याच्या मनगटापुढं नुसता धुरकट डाग आहे.

निपाणीत राहायचं आणि तंबाखूला शिवायचं नाही. परशराम गाडीवान झाला. पहिल्याच खेपेला तंबाखूची पोती भरायला सांगितली, तेव्हा बैल सोडून घरी आला. शिंप्याकडे राहिला, तर तिथं त्याच पोत्यांची शिवण. शेवटी बोरगावच्या रस्त्यावर खडी फोडू लागला. तो रस्ता माघात पुरा झाला, तेव्हापासून हाताला काम नव्हतं. पुढाऱ्यांच्या पुण्यतिथीला मात्र वखारवालेच त्याला फोटोसकट गाडीत बसवून मिरवत, गळ्यात हार घालत. दुसऱ्या दिवशी तो हार अंजनी शेळीला घाली. पुढं शेळीही विकली.

आत्ताही परशराम भिंतीला टेकून बसला होता, गुडघ्यांवर हात टाकून.

“आयकतासा न्हवं?” अंजनी त्याच्यावर वळली. “बापाचा शबूद, लेकाचा हात, आनि धूळ खायाची माज्या पोरीनं? जयाबाईचं वय काय हो? माज्यापरीस चार वर्सांनी ल्हान. खोकून खोकून म्हातारी झाली. आमची दोन लेकरं आधीच गेली. आता हिला बी तसंच घालवायचं हाय?”

परशराम उठला. “मी जातो. आत्ताच जातो मुकादमाकडं.”

“परशा! माज्या मढ्यावरनं जा.”

परशराम आडव्या काठीवरून पाय टाकून निघून गेला.

अंजनीनं मालूला अंगणातल्या दगडावर बसवलं. डोक्यावर पाणी घातलं तसं तांबडं पाणी गळ्यावरून वाहिलं. मालूच्या छातीत शिट्टी वाजत होती. एकाच दिवसात.

“आये, उद्या बी जाऊ?”

अंजनी तिचे केस चोळत राहिली.

दिवेलागणीच्या आधी परशराम परतला. हातात नारळ होता.

“काय म्हनला मुकादम?” अंजनीनं विचारलं.

“हसला. मग शेठजीस्नी बोलिवलंन. शेठजी खुर्चीवरनं उठलं, हात जोडलं मला. म्हनलं, तुमच्या हातनं तंबाखू चाळून घेतली तर गाव थुंकंल आमच्या तोंडावर. नारळ दिला.”

“आनि?”

परशरामनं नारळ खाली ठेवला. “मुकादम म्हनला, पोरगी चलाख हाय. सकाळी लौकर धाडा.”

भावकूनं नमस्कार केला, कुणाला ते त्यालाच ठाऊक. “राखलं देवानं. हात राखलास पोरा.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “आता पोरगी शिवलीच हाय म्हना. जाऊ दे तिला. भाईर सोप्यावर जेवंल, तितंच निजंल. अंजने, तुज्या हातचं मला चालंल. तू कुटं शिवलीयास?”

परशरामनं नारळ अंजनीपुढं सरकवला.

अंजनीनं नारळ दगडावर फोडला. मालूनं पाण्यासाठी तोंड पुढं केलं. ती ते एका घोटात प्याली. खोबऱ्याची अर्धी कवड लेकीच्या हातात देऊन अंजनी आत आली आणि उंबऱ्याच्या आत, सासऱ्यापुढं उभी राहिली.

“तिचं डोकं मी धुतलंय. लागायची ती लागली माज्या हाताला. हुंगून बघा.”

तिनं तळवा त्याच्या नाकाशी धरला. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

“तुमास्नी चालनारा हात आता तुमच्या लेकाचाच. उद्यापासनं सैपाक त्यांनी करायचा. मालू घरात ऱ्हाईल. वखारीत मी जानार.”