गौरीच्या खांद्यापुढची गाठ

हिराकाकी बोलताना समोरच्याकडे बघायची नाही. तिची बोटं गाईच्या कानामागे, कासेजवळ, शेपटीच्या बुडाशी फिरत असायची. गोचीड सापडला की चिमटीत धरून रॉकेलच्या डबड्यात. शेलार गावात तिचा गोठा आमच्या घराला लागूनच. "माज्या बोटांना डोले हायत," म्हणायची.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाबा लूमवर कामगार, आई अंगठा लावणारी. हे मी कुठेही ताठ मानेने सांगते. पुढे मी गुरांच्या रक्तातल्या परजीवींवर संशोधन करू लागले. गोचिडांमधून पसरणारे हे जीव. त्यांच्या अंगावर प्रथिनांचा थर असतो. त्यातलं एक ठरावीक प्रथिन रक्तात सापडलं, तर आजार आहे, अशी आमची चाचणी. काकीला हे समजावलं, तर म्हणाली, "म्हंजे चोराला सदऱ्यावरनं धरता. आन त्यानं सदरा बदलला तं?"

"तसं होत नाही, काकी," मी म्हणाले.

श्रावणात तिच्या गौरी गाईला ताप चढला. काकीने खांद्यापुढे हात घातला. "गाठ आली. गोचीडतापच हाय. सुई द्या, डागतर." गुरांचे डॉक्टर सुई भरतच होते. मीच म्हणाले, थांबा, आधी तपासू. रक्त लॅबमध्ये नेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला: आजार नाही, साधा ताप आहे.

डॉक्टरांना तरी सुई द्यायची होती. काकीच नको म्हणाली. "बाय शिकल्येली हाय. माजी बोटं अडानी."

चौथ्या दिवशी गौरी गेली.

उरलेलं रक्त पुन्हा नीट तपासलं. परजीवी होता. त्याचं ते प्रथिन आमच्या चाचणीला ठाऊक होतं त्याहून थोडं वेगळं होतं, एवढंच. मी जाऊन काकीला जसंच्या तसं सांगितलं. ती गौरीच्या कालवडीचे गोचीड काढत होती. हात थांबला नाही.

"सदरा बदलला व्हता," ती म्हणाली.

"हो."

आणखी एक गोचीड डबड्यात टाकून तिने विचारलं, "रगत उरलंय का तिचं?"

"थोडं आहे."

"टाकू नको. दुसऱ्याच्या गाईला कामाला येल."

त्या रक्तावरून आम्ही चाचणी सुधारली. प्रबंधात गौरी म्हणजे नमुना क्रमांक एकोणीस. सगळ्यांनी पाठ थोपटली. काकीला सांगायचं आज-उद्या करत राहून गेलं. या थंडीत ती अंगणात बसल्या बसल्या गेली.

बायका रडत होत्या. मला रडू आलं नाही. काही वाटतच नव्हतं. मी मागे गोठ्यात गेले. कालवडीला सकाळपासून कुणी चारा घातला नव्हता. तो घातला. कानामागे एक गोचीड होता, काढून डबड्यात टाकला. मग खांद्यापुढे हात घातला.

गाठ नव्हती. तरी मी दुसऱ्या बाजूनेही पाहिलं.