सतरा नंबरचा अंगरखा

सदर व्यक्ती: स्त्री. वय पन्नाशीपुढे. हुद्दा: जिवाणू-संग्रहाची रक्षक. कर्तव्य: संग्रहातील जिवाणू आहेत तसे जिवंत ठेवणे. ओळखीची खूण: ओट्यावर डाग दिसल्यास अस्वस्थ होते. वरिष्ठांचा शेरा: अत्यंत टापटीप.

या व्यक्तीला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. ताईंच्या ताब्यातला सतरा नंबरचा जिवाणू अंगावर साखरेचा जाड अंगरखा घालून असायचा. त्या अंगरख्यावरून लस करायचं काम वरच्या मजल्यावर चाललं होतं, आणि सतरा नंबर दुसऱ्या कोणाकडेच नव्हता.

त्याची चाचणी सोपी. काचपट्टीवर सतरा नंबरचा थेंब, त्यात अंगरखा ओळखणाऱ्या रक्तद्रवाचा थेंब. अंगरखा असला की नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. सोमवारी गुठळ्या झाल्याच नाहीत.

"रक्तद्रव शिळा असेल," साहेब म्हणाले. ताजा मागवला. थेंब तसाच गुळगुळीत. साहेबांचा चेहरा उतरला. "ताई, सगळं काम पाण्यात गेलं की हो!"

ताईंना भीतीआधी कुतूहलाने गाठलं. सतरा नंबर धडधाकट वाढत होता, मग अंगरखा गेला कुठे? त्याची जनुकं वाचून घेतली. साखर विणणारी सगळी रांगेने शाबूत, मधलं एक तेवढं तुटकं. एक कारागीर गैरहजर, कारखाना बंद. इथवर ठीक. जिवाणू वाढवायच्या प्लेटवर खायला आयतं, वैरी कोणी नाही. एखाद्याने विणकाम सोडलं तर नवल नाही. पण विणणारे सगळेच कसे संपले? एखादा तरी उरायला हवा होता.

संध्याकाळी ताई बाजारात टोमॅटो निवडत होत्या. नवरा पिशवी धरून उभा.

"तो घे की, छान पिकलाय."

"चिरलाय. रस गळतोय."

"तुला सगळं गोल आणि कोरडंच लागतं. लग्नाच्या वेळी मी कसा पसंत पडलो, देव जाणे."

"तेव्हा भांग नीट पाडायचात तुम्ही," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा हात टोमॅटोवरच थांबला.

जुन्या प्लेटवर वाढलेला जिवाणूंचा एक ठिपका तारेच्या कड्याने उचलून नव्या प्लेटवर न्यायचा, हे ताईंचं नेमाचं काम. अंगरखेवाल्यांचे ठिपके मधासारखे ओघळायचे, कड्याला पाकासारखी तार धरायचे, शेजाऱ्याच्या अंगावर जायचे. बिनअंगरख्याचे कोरडे, सुटे, रेखीव काठाचे. इतकी वर्षं हात कुठे गेला असणार?

सकाळी त्यांनी साहेबांना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे निवडून निवडून बिघडवलात?"

"हो. सुबक दिसेल ते उचललं. अगदी सुरुवातीची, वाळवून सील केलेली एक कुपी आहे फ्रीजच्या तळाशी."

"आणि त्यातले मेलेले निघाले तर?"

"तर अंगरखा संपला."

कुपी फोडून आतली पूड प्लेटवर पसरली. दुसऱ्या दिवशी प्लेट जवळजवळ रिकामीच होती. काठाशी एकच ठिपका, चकचकीत, ओघळलेला. ताईंनी कडं टेकवलं. तार निघाली, लांबली आणि ओट्यावर पडली. ताईंनी आधी ठिपका नव्या प्लेटवर पोचवला, मग ओटा पुसला. काचपट्टीवर गुठळ्या झाल्या.

वार्षिक अहवालात शेरा कायम आहे: अत्यंत टापटीप. सतरा नंबरचा अंगरखा त्या टापटिपीनेच उतरवला होता.