रद्द केलेला अर्ज

बनुबाईला वाचता येत नव्हतं, पण माणूस कामाचा आहे की नुसता खुर्ची अडवणारा, हे ती दारातूनच ओळखायची. सांगलीच्या कॉलेजातले शिष्यवृत्तीचे कारकून जोतीराम तिला दारातूनच पटले. चष्मा कपाळावर, समोर पोरांची ही गर्दी, आणि आवाज मात्र एकदाही चढलेला नाही.

तिची पोरगी क्रांती साताऱ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. बापाचा पाय मोडला, मेंढरांमागं माणूस उरलं नाही, म्हणून पोरीनं दोन महिन्यांतच सांगलीचं कॉलेज धरलं. इथून शनिवारी घरी जतला जाऊन येता येतं. निघताना बनुबाईनंच तिला फोनवर बजावलं होतं, "जुन्या जागी काय बी ठिवू नगंस. समदं मिटवून ये."

मेंढपाळांची ही रीतच. कुणाच्या रानात मेंढरं बसवली की निघताना चुलीचे दगडसुद्धा उचलून ठेवायचे. पोरगी आईच्या वळणाची; तिनं साताऱ्यात भरलेला शिष्यवृत्तीचा अर्जही रद्द करून टाकला! आता सांगलीतून नवा भरायला गेली, तर कॉम्प्युटर म्हणे, या वर्षी तुम्ही एकदा अर्ज केलाय, पुन्हा करता येणार नाही. शिष्यवृत्ती गेली की शिक्षण संपलं. आईच्या शहाणपणानं पोरगी घरी बसणार, या विचारानं बनुबाईला दोन दिवस भाकर गोड लागली नव्हती.

"आवं सायेब, चूक माजी हाय," ती हात जोडून म्हणाली. "पोरीला शिक्षा नगा करू."

"शिक्षा कसली, मावशी? बसा." जोतीरामांनी क्रांतीकडं पाहिलं. "साताऱ्याचा दाखला कधी काढलास? इथं नाव कधी लागलं?"

क्रांतीनं तारखा सांगितल्या.

"मध्ये तीन दिवस, त्यात एक रविवार. म्हणजे शिक्षणात खंड नाही. वर्ष तेच, कोर्स तोच. कॉलेज बदललं म्हणून हक्क बुडत नाही. साताऱ्यात तू एक रुपयाही उचलला नाहीस, एवढं त्यांनी लिहून दिलं की अर्ज पुन्हा उघडायला सांगता येतं."

मग बनुबाई नुसती बघतच राहिली. साताऱ्याचा नंबर तोंडपाठ, परिपत्रकाचा क्रमांक तोंडपाठ, कुठल्या साहेबाची सही आधी घ्यायची तेही तोंडपाठ. जेवायची सुट्टी झाली, डबा तसाच राहिला. साडेतीनशे मेंढरांतलं एकेक तोंडावरून ओळखते, याचा बनुबाईला आजवर गर्व होता. तो त्या बाकड्यावर बसल्या बसल्या उतरला. एवढं सगळं एका डोक्यात मावतं तरी कसं, असं तिला झालं.

चारच्या सुमारास साताऱ्याचं पत्र मेलवर आलं, आणि थोड्या वेळानं क्रांती कॉम्प्युटरकडं बघत ओरडली, "आये, अर्ज उघडला!"

बनुबाईच्या डोळ्यांतून पाणीच आलं. ती पायाशी वाकली, तसे जोतीराम झटकन मागं सरले.

"नको, मावशी. अकरा वर्षांमागं असंच एक पोरगं आलं होतं, सिद्धू नावाचं. वडूजचं कॉलेज सोडून आलेलं, असाच अर्ज रद्द केलेला. मी नवा होतो. मला ठाऊक नव्हतं, तरी ठाऊक असल्यासारखं बोललो. 'काही होत नाही' म्हणालो. ते गेलं, परत आलं नाही. पुढं कळलं, त्याचंही काम होत होतं. तेव्हापासून सगळं पाठ करतोय."

एका पोरासाठी अकरा वर्षं! बनुबाईला आता त्या हुशारीपेक्षा माणसाचंच नवल वाटलं.

"गाव कंचं त्याचं?"

जोतीरामांनी औंधच्या बाजूचं गाव सांगितलं.

"दिवाळीनंतर आमची मेंढरं त्याच अंगाला जात्यात," बनुबाई म्हणाली. "घावला तर काय सांगू त्याला?"

दिवसभर सगळं तोंडपाठ सांगणाऱ्या जोतीरामांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, एक कोरा कागद पुढ्यात ओढला आणि वर 'सिद्धू' एवढंच लिहिलं.