दार लावायचा मान

हातवारेबाईंनी म्हणे एका लहान पोराला काचेच्या खोलीत कोंडलं, आणि स्वतः बाहेर उभ्या राहून पाऊण तास त्याला वेडावून दाखवत होत्या.

ही बातमी दुपारी बाराला ग्रंथालयातून निघाली ती संध्याकाळी केस कापायच्या दुकानात पोचली, आणि तिथे तिची चांगली सरबराई झाली. बाई नुसत्या वेडावत नव्हत्या, पाय आपटून नाचतही होत्या. पोराची आजी शेजारी ऊर बडवत होती, तिच्याकडे बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. साहेबांनी दोनदा हाक मारली, तर उत्तर देण्याचं सौजन्य नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाईंचे डोळेही लालभडक झाले होते. ते कुणी लाल केले, कळलं नाही. अशा रंगकामाला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत.

आता ज्याला खरं ऐकायचं असेल त्यानं जरा सरकून बसावं.

हातवारेबाई म्हणजे ग्रंथालयाच्या बालविभागातल्या मदतनीस. वय अठ्ठावन्न, केस आखूड, गुडघे अधू आणि हात मात्र विशीतले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि तिथेच राहिलं. त्यांची थोरली बहीण जन्मापासून बहिरी. दोघी एकत्र राहायच्या. ताई शिवणकाम करायची आणि धाकटीची टिंगल करायची, दोन्ही कामं हातांनीच. ताईला हाक मारायची तर लाकडी जमिनीवर पाय आपटायचा. हादरा तिच्या तळव्यांना कळायचा आणि ती मान वर करायची. त्या घरात एवढं भांडण व्हायचं आणि शेजाऱ्यांना चकार शब्द ऐकू यायचा नाही. शेजाऱ्यांचा हा तोटा कधी भरून निघाला नाही.

तर दर बुधवारी अकरा वाजता बाई दीड-दोन वर्षांच्या पोरांना गोष्ट सांगायच्या, तोंडानं आणि हातांनी एकदमच. ज्या पोराला अजून धड 'पाणी' म्हणता येत नाही, त्याला हातानं पाणी मागता येतं, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. दूध, गरम, थांब, अजून, संपलं. बोटांच्या दोन चिमट्या एकमेकींवर टेकवल्या की 'अजून'. हा शब्द पोरं पहिल्याच दिवशी शिकायची. माणसाची जातच तशी.

ताई एकदा मागच्या रांगेत बसून गेली आणि घरी आल्यावर हातांनी म्हणाली, "ससा बघितला तुझा. तो ससा नव्हता. कानात पाणी गेलेला माणूस होता."

पोरांचा गलका वाचकांना सोसायचा नाही म्हणून साहेबांनी, म्हणजे मुख्य ग्रंथपालांनी, बाईंना काचखोली दिली होती. पूर्वी तिथे लोक बसून गाण्यांच्या तबकड्या ऐकत. दुहेरी जाड काच, आत सतरंजी, एक बैठं टेबल, आणि खोलीला काय नि बाहेरच्या दालनाला काय, एकही खिडकी नाही. दार लावलं की आतला आवाज आत आणि बाहेरचा बाहेर.

दाराला आतून सरकवायची पितळी कडी होती. आधी ती वर होती. गोष्ट ऐन रंगात आली की कुणीतरी रांगतं दाराकडे निघायचं, मग बाईंनी उठायचं, कडी लावायची, परत बसायचं, आणि गुडघ्यांनी दोन्ही वेळा कुरकुर करायची. शेवटी त्यांनी सुताराला बोलावलं आणि बसल्या जागेवरून हात पोचेल इतकी कडी खाली घेतली. वर तिचा खेळही केला. दर बुधवारी एका पोराला दार लावायचा मान. बाई हातांनी 'तुझी पाळी' म्हणायच्या, ते पोर ऐटीत जायचं, कडी सरकवायचं, सगळे हात हलवून शाबासकी द्यायचे. गोष्ट संपली की कडी बाई स्वतः काढायच्या, कारण तेव्हा सगळ्यांना एकदम घरी जायचं असतं आणि कुणाचं तरी बोट चेमटायचं.

त्या गर्दीत एक भुंगा होता. पावणेदोन वर्षांचा, गोल डोक्याचा, सतत तोंडानं हूंऽऽ करत फिरणारा, म्हणून भुंगा. बोलायचा नाही. त्याला घेऊन यायची त्याची आजी, आणि आजीचा हातवाऱ्यांवर अजिबात विश्वास नव्हता.

"अहो बाई, बोलायच्या वयात पोरांना मुकं करताय तुम्ही," ती दर बुधवारी न चुकता म्हणायची.

"येईल बोलायला, आजी. आणि एकदा लागला की तुम्हीच म्हणाल, गप्प बस मेल्या."

"आमच्या घरात सगळे खणखणीत बोलतात."

"ते काचेतूनही कळतं," बाई म्हणायच्या, आणि बाकीच्या आया खाली मान घालून हसायच्या.

भुंगा सात बुधवार त्या कडीवर डोळा ठेवून होता. त्या दिवशीही मान मिळाला जुळ्या बहिणींतल्या एकीला. भुंग्याचा ओठ पुढे आला. बाईंनी हातानं सांगितलं, 'पुढची तुझी पाळी.' पुढची म्हणजे पुढच्या बुधवारची, असं बाईंच्या मनात. पावणेदोन वर्षांच्या माणसाला बुधवार कुठे ठाऊक असतात?

गोष्ट संपली. बाईंनी कडी काढली, आया निघाल्या, बाई जुळ्यांच्या चपला शोधायला बाहेर आल्या. आत आजीनं दुधासाठी बैठ्या टेबलावरची विजेची किटली लावली, झाकण उघडंच ठेवलं, आणि बाटली विसळायला अंगणातल्या नळावर गेली. म्हणे अर्ध्या मिनिटासाठी. ती नळाशी पोचते न पोचते तोच मागे दार लागलं.

भुंग्यानं दार ढकललं, कडी सरकवली आणि शाबासकीसाठी वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

बाईंनी काचेतून पाहिलं तेव्हा किटलीतून वाफ यायला लागली होती. झाकण उघडं असलं की ती किटली आपोआप बंद होत नसे. पाणी आटेपर्यंत उकळत राहायची. तिची वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती, बरोबर भुंग्याच्या छातीच्या उंचीला. आणि वाफ ही वस्तू भुंग्यानं इतक्या जवळून पूर्वी पाहिली नव्हती.

तो टेबलाकडे निघाला.

बाईंनी काचेवर थाप मारली. जाड काचेनं ती गिळून टाकली. त्यांनी हाक मारली. अख्ख्या वाचनालयानं माना वर केल्या, भुंग्यानं सोडून. तेव्हा बाईंच्या डोक्यात ना साहेब होते, ना नियम. त्यांनी आपला दुखरा पाय उचलला आणि लाकडी जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा असा की कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रवाल्या काकांचा चष्मा नाकावरून घसरला.

भुंगा थबकला. त्यानं आधी पायांकडे पाहिलं, मग काचेकडे.

बाईंनी चेहरा गोष्टीसारखा केला. हातांनी म्हणाल्या: ये. बस. गोष्ट.

भुंगा आला. काचेला नाक लावून बसला, आणि बाई बाहेरून त्याच्यासमोर बसल्या.

"मामा, सुताराला फोन करा," बाई मान न वळवता पहारेकऱ्याला म्हणाल्या. "बिजागऱ्या आतून आहेत म्हणावं. पळत ये."

"आणि मी मेन स्विच पाडतो!" मामा धावत निघालाच.

"नको! दिवा घालवू नका!"

मामा जागीच थांबला. दिवा गेला असता तर आत-बाहेर सगळाच अंधार, आणि अंधारात बाईंचे हात कुणाला दिसणार? किटली थंड व्हायला अर्धा तास लागला असता. पोराला घाबरून तिच्यावर पडायला एक क्षण पुरला असता. हे सगळं समजावून सांगायला बाईंना सवड नव्हती. हातांवर गोष्टीतली गोगलगाय निघाली होती.

एका मुठीची गोगलगाय, दोन बोटांची शिंगं, पाठीवर घर. ती हळूहळू हातावरून चालते. बेडकाच्या दारावर टकटक. बेडूक दार उघडतो. कोंबडीच्या दारावर टकटक. भुंगा काचेपलीकडे हूंऽऽ करत असणार. ओठ तसे दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं.

साहेब आले. हातात आग विझवायचं लाल नळकांडं.

"बाई, काय चाललंय हे? बाजूला व्हा, काच फोडतो."

बाईंचे हात चालूच.

"बाई, मी तुमच्याशी बोलतोय!"

भुंग्याचं नाक काचेलाच होतं. फोडलेली काच त्याच्याच अंगावर पडली असती. बाईंनी नजर काढली असती तर त्यानंही काढली असती. त्या बोलल्या नाहीत, फक्त काचेसमोर आणखी रुंद होऊन बसल्या. साहेबांनी तो उद्धटपणा मनात नोंदवून ठेवला, पण पोराचं नाक कुठे आहे तेही पाहिलं. नळकांडं खाली ठेवलं.

गोष्ट संपली. भुंग्यानं चिमट्या एकमेकींवर टेकवल्या. अजून.

दुसऱ्यांदा गोगलगाय कोंबडीपर्यंत आली होती, तेवढ्यात आजी नळावरच्या गप्पा आटोपून ओल्या बाटलीनिशी परतली. तिनं बघितलं आणि हंबरडाच फोडला. काचेवर दोन्ही हात मारत नातवाला बाटली दाखवायला लागली. "माझ्या सोन्या, दूध! हे बघ, दूध!"

भुंग्याला शब्द ऐकू आला नाही, बाटली दिसली. त्यानं मूठ मिटून उघडली. दूध. आणि दुधाच्या भुकटीचा डबा किटलीपाशी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उठला आणि टेबलाकडे गेला.

"आजी, बाटली लपवा! लपवा आधी!"

भुंग्याचा एक हात डब्याकडे गेला. दुसऱ्या हातात, तोल सांभाळायला, त्यानं वायर धरली. किटली इंचभर सरकली. उकळतं पाणी काठावर डुचमळलं.

बाईंनी बसल्या जागीच पाय आपटला. गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली. भुंगा वळला, वायर हातातच.

गरम! बाईंचा हात तोंडापाशी गेला आणि झटकला गेला. गरम! गरम!

भुंग्यानं बाईंकडे पाहिलं, मग वाफेकडे. मग त्यानं वायर सोडली, कारण झटकायला हात मोकळा हवा ना, आणि किटलीकडे तोंड करून स्वतः हात झटकला. गरम. तेवढ्यावर न थांबता तो काचेपाशी आला आणि बाईंना बातमी द्यावी तसं पुन्हा सांगितलं: गरम.

"सुतार निघालाय, पंधरा मिनिटं," मामा म्हणाला.

पंधरा मिनिटं फार होती. बाईंनी ठरवलं, दार भुंग्यानंच उघडायचं.

गोगलगाय पुन्हा निघाली, थेट भुंग्याच्या दाराशी आली. टकटक. बाईंनी डाव्या हाताची पोकळ मूठ केली, उजवं बोट तिच्यात घातलं आणि सरकवून बाहेर काढलं. कडी, अशी. तुझी पाळी.

भुंगा खूश झाला. त्यानं डावी मूठ केली, उजवं बोट तिच्यात घातलं, सरकवून बाहेर काढलं. अगदी बरोबर. आणि शाबासकीसाठी थांबला.

बाईंनी पुन्हा केलं. त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यानं बाईंपेक्षा सुबक केलं. त्याच्या लेखी ही गोष्टच होती. गोष्टीत जे दिसतं ते हातांनी करायचं, हेच तर सात बुधवार शिकवलं होतं. कडी दोन वितींवर होती आणि भुंगा हवेतली कडी काढत बसला होता.

मग बाईंनी हात थांबवले. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

भुंगा वाट पाहत राहिला. अजून. बाई हलल्या नाहीत. अजून, अजून! त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं मागे वळून टेबलाकडे पाहिलं. आजी "अहो, काहीतरी करा हो" म्हणून बाईंचा खांदा हलवत होती. बाईंनी हात पुढे आणले नाहीत. डोळे तेवढे कडीकडे नेले, आणि तिथेच ठेवले.

भुंग्यानं त्यांच्या नजरेमागून पाहिलं. कडी. तो तिच्याशी गेला. आधी तिला आणखी आत दाबली, कारण त्याला तेवढंच येत होतं. काही झालं नाही. दोन चापट्या मारल्या. मग रागानं दोन्ही हातांनी ती धरली आणि स्वतःकडे ओढली.

कडी निघाली.

मामानं दार उघडलं, साहेबांनी किटलीचं बटण बंद केलं, आजीनं नातवाला उचललं. बाई होत्या तिथेच बसून राहिल्या. गुडघे उठायला तयार नव्हते. भुंगा आजीच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहत चिमट्या टेकवत होता.

बाहेर पडता पडता आजी ज्याला त्याला सांगत सुटली. किटली तिनं लावली होती, तेवढं मात्र सांगायचं राहून गेलं.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. ताईनं तो शिवणयंत्रापलीकडून वाचला आणि हातांनी म्हणाली, "सगळं लिहू नकोस. नोकरी जाईल." बाईंनी सगळं लिहिलं. महिनाभर गोष्टी बंद राहिल्या. मग कडी पुरुषभर उंचीवर गेली, किटली साहेबांच्या खोलीत गेली, आणि बाईंना एक बुटकी खुर्ची मिळाली. पहिल्या बुधवारी सगळ्यांच्या आधी आजी आणि भुंगा हजर होते.

तर खरं एवढंच: कडी भुंग्यानं स्वतः लावली. कडी खाली बाईंनीच घेतली होती. दार लावायला त्यांनी त्याला शिकवलं होतं, उघडायला शिकवलं नव्हतं.