ललिताबाईंचा उजवा खांदा

ललिता ओव्हाळ पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात टंकलेखक होत्या. खडकवासल्यातून कालव्याला किती पाणी सुटणार, कोणत्या गावाची तक्रार आली, कोणत्या अभियंत्याची बदली झाली, हे सगळं वीस वर्षं त्यांच्या बोटांखालून गेलं. टाइपरायटर जाऊन संगणक आले तेव्हा बरोबरीच्या दोघी घाबरून दुसऱ्या टेबलांवर गेल्या. ललिताबाईंनी मात्र मुलीकडून महिनाभरात नवा कीबोर्ड शिकून घेतला. मुलगी दीक्षा तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करत होती. नवरा तात्याराव भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. बिबवेवाडीत दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या घरात इंजिनिअर होणारं दीक्षा हे पहिलंच माणूस.

फेब्रुवारी २००३ मधल्या एका सकाळी कात्रजच्या पुढे, बायपासजवळच्या एका कॉलेजात दीक्षाची मुलाखत होती. एका सॉफ्टवेअर कंपनीची माणसं येणार होती. आधीच्या दोन वर्षांत शिकून बाहेर पडलेली कितीतरी मुलं अजून घरी बसून होती, त्यामुळे घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. दीक्षा सातलाच निघाली. आठच्या सुमाराला ललिताबाई टेबल आवरायला गेल्या, तर दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रकांची फाइल तिथेच राहिलेली.

तात्याराव दोन दिवस तापाने पडून होते. ते म्हणाले, झेरॉक्स असतील तिच्याजवळ, अडलंच तर फोन करेल. ललिताबाईंना दम धरवेना.

"अहो, उठा. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

तात्याराव उठले. अंगात स्वेटर घातला आणि स्कूटर काढली. मागे बसलेल्या ललिताबाईंचा डावा हात त्यांच्या खांद्यावर होता, उजव्या हाताने फाइल छातीशी घट्ट धरली होती. बायपासच्या उतारावर मागून आलेल्या ट्रकचा धक्का लागला. तात्याराव जागच्या जागी गेले. ललिताबाईंचं उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. लोकांनी त्यांना उचललं तेव्हा फाइल हातातच होती.

दवाखान्यात पहिल्यांदा पोचला तो धाकटा दीर मच्छिंद्र. नवरा गेल्याचं ललिताबाईंना तोवर कळलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी फाइल मच्छिंद्रच्या हातात दिली आणि सांगितलं, "भावजी, ही घरी कपाटात ठेवा. आम्ही हिराकडे चाललो होतो. दीक्षाने विचारलं तर एवढंच सांगायचं."

हिरा ही त्यांची धाकटी बहीण. ती धायरीला राहायची, रस्ता तोच. तिलाही संध्याकाळी मच्छिंद्रने फाइलचं आणि दीक्षाला काय सांगायचं ते सांगितलं, आणि तिने मान डोलावली. त्या दिवशी त्या मान डोलावण्याचा पुढे काय अर्थ होणार आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दीक्षाची निवड झाली. तिच्याजवळ झेरॉक्स होत्या, मूळ कागद रुजू होताना दाखवले तरी चालणार होते. ही बातमी सांगायला तिने दुपारी घरी फोन केला. तो मच्छिंद्रने उचलला.

पुढे महिनाभराने दीक्षाने आईला एकदाच विचारलं, की पप्पांना ताप असताना मावशीकडे जायची एवढी काय घाई होती. ललिताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हिराने बोलावलं होतं." हे काही आधी ठरलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून दीक्षाने मावशीचं नाव टाकलं. हिरा आली की ती आतल्या खोलीत जायची. हिराच्या हे लक्षात आलं, तरी ती काही बोलली नाही. नुसतं येणं कमी केलं.

हाड दोन महिन्यांत जुळलं, पण खांदा आखडला. हात कोपरापासून हलायचा, खांद्यातून उचलायला गेलं की वीतभर जाऊन अडायचा. शेक, व्यायाम, इंजेक्शनं, सगळं झालं. टंकलेखन सुटलं आणि कार्यालयाने त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. केस विंचरता येईनात, म्हणून रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी दीक्षा त्यांची वेणी घालून अंबाडा बांधायची. मुलीची बोटं केसांतून फिरत असताना ललिताबाई श्वास रोखून बसत. ती मायेने बोलली की त्यांना जास्तच त्रास व्हायचा. झोप तुटक झाली. रस्त्यात मोठी गाडी जवळून गेली की छातीत धडधडायचं आणि उजवा हात आपोआप छातीशी यायचा.

दोन वर्षांनी हाडांच्या डॉक्टरांनी हात टेकले. ते म्हणाले, तपासणीत आता अडण्यासारखं काही दिसत नाही, तरी तुम्ही खांदा सोडत नाही. त्यांनी सहकारनगरमधल्या मंदाकिनी गोवंडे यांचा पत्ता लिहून दिला. या बाई बँकेतून लवकर निवृत्त होऊन योगोपचाराचे वर्ग घेत. घराखालच्या हॉलमध्ये भिंतीला दोऱ्या टांगलेल्या, कोपऱ्यात लोड, लाकडी विटा, पट्टे आणि घड्या घातलेल्या घोंगड्यांची चळत. पाठदुखीचे, गुडघ्याचे, दम्याचे असे दहा-बारा लोक यायचे. त्यांत हिंजवडीत काम करणारी, मान धरलेली तरुण मुलंही होती.

सुरुवातीला प्रार्थना असे. पहिल्याच दिवशी ललिताबाईंनी बाजूला होऊन स्पष्ट सांगितलं, की आम्ही बौद्ध आहोत आणि हे मी म्हणणार नाही. इथूनच परत जावं लागेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

"म्हणू नका," मंदाकिनीबाई कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. "खांद्याला प्रार्थना येत नाही. आणि इथे चमत्कारही होत नाहीत, तेही आत्ताच सांगून ठेवते."

ललिताबाईंना हे बोलणं रुचलं. दीड महिना त्या मंगळवारी आणि शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर जात राहिल्या. मंदाकिनीबाईंनी खांद्याला थेट हात लावलाच नाही. आधी पाय भिंतीला लावून पडून राहायचं, मग खुर्चीवर बसून पाठ वळवायची, मग भिंतीवरून बोटं हळूहळू वर चालवायची. जिथे दुखेल तिथे थांबून तीन श्वास, आणि तिथूनच परत. ललिताबाई जिद्दीने पुढे रेटायला जात, तशा बाई खेकसत, "कार्यालयाचं काम आहे का हे? उरकू नका."

मग एका शुक्रवारी बाईंनी त्यांना पाठीच्या कण्याच्या रेषेत ठेवलेल्या लोडावर पाठ टेकवून उताणं निजवलं. छाती वर आली. दोन्ही हात बाजूला सोडायला सांगितले. डावा गेला. उजवा कोपरात मुडपून छातीवरच राहिला. बाईंनी जबरदस्ती केली नाही. कोपराखाली घोंगड्यांच्या घड्या रचल्या, इतक्या की हात छातीच्या उंचीवरच टेकला.

"आता तुम्हाला काही धरून ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "खाली आधार आहे. नुसता श्वास सोडा, घ्यायची काळजी करू नका."

थोड्या वेळाने बाईंनी एक घडी काढली, मग दुसरी. तिसरीला ललिताबाईंची बोटं उघडली आणि हात छातीवरून बाजूला घसरला. त्यासरशी त्या दचकून उठून बसल्या. त्यांना श्वास घेता येईना. हातातून काहीतरी सुटलं आणि आता सगळं जाणार, असं त्यांना वाटलं. त्या हुंदके देऊन रडू लागल्या. दवाखान्यात, अंत्ययात्रेत, विहारातल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कुणालाच दिसलं नव्हतं असं ते रडणं होतं. बाकीचे लोक डोळे मिटून पडून राहिले. ललिताबाईंनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

तीन आठवडे त्या फिरकल्या नाहीत. लाज वाटत होती, आणि भीतीही. चौथ्या आठवड्यात कार्यालयात फोन आला. मंदाकिनीबाई होत्या. नमस्कारही न करता म्हणाल्या, "तुमचा लोड मोकळा पडलाय. येणार नसाल तर दुसऱ्याला देते."

ललिताबाई गेल्या. वर्ग संपल्यावर त्या रेंगाळल्या आणि सतरंजीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. फाइल, ताप, ट्रक, आणि हिराचं घेतलेलं नाव. दोन वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं.

"ओव्हाळबाई, खांदा मी बघते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "रडू आलं तर रडायचं, ते वाईट नाही. श्वास सोडायचं तेवढं थांबवायचं नाही. पण जे तुम्ही बहिणीच्या माथी मारलंय, ते माझ्या लोडावर झोपून उतरणार नाही."

त्यांचं बोलणं ललिताबाईंना लागलं, तरी त्या येत राहिल्या. आता लोडावर हात बाजूला जायचा, कधी रडू यायचं, कधी नाही. झोप पाच-सहा तास सलग लागू लागली. पावसाळा संपेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंत आला. गाडी जवळून गेली तर आधी श्वास सोडायचा, हे त्या शिकल्या. पण घरी सकाळी दीक्षा केसांना हात लावायची, तेव्हा मान पुन्हा ताठ व्हायची. शरीर जसं मोकळं होत होतं, तसं खोटं जास्त टोचू लागलं होतं.

पुढच्या वर्षी, मे महिन्यात हिराच्या मुलीचं, कल्याणीचं लग्न ठरलं. हिरा स्वतः पत्रिका घेऊन आली. दीक्षा बाहेर आली, पत्रिका पाहिली आणि म्हणाली, "मावशी, मी नाही येणार. तुझ्या बोलावण्यावरून एकदा माझे पप्पा निघाले होते."

हिराचा चेहरा पांढरा पडला. तिने एकदा बहिणीकडे पाहिलं. मग ती चपला घालून जिना उतरू लागली. ललिताबाईंनी तिला हाक मारून वर बोलावलं आणि दोघींच्या समोर, उभ्यानेच, खरं काय ते सांगितलं. "तिने बोलावलंच नव्हतं. तुझी फाइल राहिली होती, ती द्यायला निघालो होतो. ते नको म्हणत होते. मी उठवलं."

दीक्षा खाली बसली. तिने एकच विचारलं, "मावशीला माहीत होतं?"

"मला माहीत होतं," हिरा म्हणाली. "तुझ्यासाठीच गप्प होते."

दीक्षा ओरडली नाही, रडलीही नाही. अपघाताबद्दल ती आईला एक शब्द बोलली नाही. ती म्हणाली, "तीन वर्षं मी हिच्याशी वाईट वागले. तू रोज बघत होतीस. आणि मी तुझी वेणी घालत होते." आठवड्याभरात ती वाकडला मैत्रिणींच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. कारण सांगितलं, हिंजवडी जवळ पडतं.

लग्नाला ती आली नाही. फोन आठवड्यातून एकदा, तोही मोजका. ललिताबाईंना वाटलं, आपण मुलीला वाचवायला म्हणून जे केलं आणि वाचवणं सोडलं तेव्हा जे केलं, दोन्हींनी ती गेलीच. त्या आठवड्यांत खांदा पुन्हा आखडला. मंदाकिनीबाईंनी त्यांना पुन्हा भिंतीला पाय लावून निजवण्यापासून सुरुवात केली. ललिताबाई म्हणाल्या, सगळं वाया गेलं. बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "वाया गेलं असतं तर आज तुम्ही आला नसता."

घरी आता वेणी घालायला कुणी नव्हतं. डाव्या हाताने केस पुढे ओढून त्या कशाबशा बांधत. शेवटी पार्लरमध्ये जाऊन त्यांनी केस मानेपर्यंत कापून घेतले. कार्यालयात दोघी-तिघी कुजबुजल्या. ललिताबाईंना मात्र मान हलकी वाटली.

चार महिन्यांनी हिराचा फोन आला. दीक्षा एकटीच धायरीला येऊन गेली होती. दुपारभर बसली, जेवली. तिला काय सांगितलंस, असं ललिताबाईंनी विचारल्यावर हिरा म्हणाली, काही सांगितलं नाही. दीक्षाने विचारलं, पप्पा त्या दिवशी चिडले होते का? मी सांगितलं, ते मला कसं माहीत असणार, तुझ्या आईला विचार.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दीक्षा बिबवेवाडीला आली. आईचे कापलेले केस पाहून थबकली. चहा झाल्यावर तिने तो प्रश्न विचारला.

"चिडले नव्हते," ललिताबाई म्हणाल्या. "स्वेटर घालताना म्हणाले, बघ, पोरगी आपल्याला कॉलेज दाखवतेय."

दीक्षाने तोंड फिरवलं. मग ती म्हणाली, "मम्मी, मला तुला अजून माफ करता येत नाही. येईल की नाही, माहीत नाही. पण मी येत जाईन."

ती येते, पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी. वाकडचं घर तिने सोडलेलं नाही. हिराकडे मात्र ती जास्त मोकळेपणाने जाते. ललिताबाईंना ते दिसतं, थोडं दुखतं, आणि हे असंच व्हायला हवं होतं हेही कळतं.

मंगळवार-शुक्रवार त्यांनी पुन्हा चुकवलेले नाहीत. हात आता कानाच्या जरा खालपर्यंत जातो. त्यापुढे जाईल असं मंदाकिनीबाई म्हणत नाहीत आणि ललिताबाई विचारत नाहीत. थंडीत सकाळी खांदा ठणकतो. तात्यारावांविषयी मायलेकी बोलू लागल्या आहेत, त्यांच्या कारखान्यातल्या गमती, त्यांचं घोरणं, जयंतीच्या मिरवणुकीतलं त्यांचं नाचणं. बोलता बोलता त्या फेब्रुवारीपर्यंत येतात आणि तिथे थांबतात. मग दीक्षा उठून कप विसळायला घेते.